माझ्या बायकोची नक्कल

टीव्हीबद्दल माझं मत कोणी विचारत नाही, तरी मी सांगतो. खाण बंद पडली, डिचोलीच्या ऑफिसातली माझी खुर्ची गेली, तेव्हापासून मी गोव्यात हरमलला घरी बसून टीव्ही बघतो आहे. एवढं बघितल्यावर माणसाला मत देण्याचा अधिकार मिळतो, असं मी धरून चालतो. माझं मत असं आहे की हे सगळं भंगार आहे. काही भंगार घासूनपुसून ठेवलेलं असतं, एवढाच फरक.

मालिकेतली सून झोपेतून उठते ती लग्नाला निघाल्यासारखी. नथ घालून झोपलेली बाई मी आजवर बघितलेली नाही, आणि बहिणी, वहिन्या, मावश्या धरून मी बायका काही कमी बघितलेल्या नाहीत. एकाने एक वाक्य बोलायचं आणि मग कॅमेऱ्याने घरातल्या प्रत्येकाचं तोंड दाखवत फिरायचं, ही यांची गोष्ट सांगायची रीत. कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला गडीसुद्धा दचकतो. त्याचा काय संबंध? त्या घरात गॅस संपत नाही, नळाचं पाणी जात नाही, कुणाला खोकला होत नाही. होतो तेव्हा एकदम मरायलाच टेकतात. आणि एक गोष्ट मी बारकाईने बघून ठेवली आहे, मालिकेतल्या घरात कोणी कधी मालिका बघत नाही. त्यांना आतलं ठाऊक आहे ना.

त्यांचं बोलणं तर विचारू नका. ‘बाळा, मला तुझा अभिमान आहे.’ ‘आई, तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.’ आमच्या घरात आजवर कोणी कोणाला अभिमान असल्याचं सांगितलेलं नाही. मी पदवीधर झालो त्या दिवशी माझ्या वडिलांनी माझ्या ताटात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, मोठा तुकडा वाढायला लावला, झालं. या लोकांच्या तोंडून शब्द बाहेर पडतात ते इस्त्री करून पडतात.

गाण्यांच्या स्पर्धा मला त्याहून चीड आणतात. गाणं चार ओळींचं आणि रडणं अर्धा तास. आधी परीक्षक रडतो, मग सूत्रसंचालिका रडते, मग गाणाऱ्या पोराची आई कुठून तरी गावाकडून उचलून आणलेली असते, तिला स्टेजवर उभी करतात. नवी कोरी साडी, हातात माइक. ती बिचारी पाठ केलेलं म्हणते, ‘माझ्या मुलावर असंच प्रेम असू द्या.’ लगेच मागून बासरी. मला तिची कीव येते आणि तिला तिथे उभी करणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आणि विनोदी कार्यक्रम! पुरुषाला साडी नेसवली की विनोद झाला. तो पडला की मोठा विनोद झाला. परीक्षक खुर्चीतून निसटून जमिनीवर येईपर्यंत हसतो, कारण त्याला हसायसाठीच बसवलाय. हसण्याचा आवाज आधी भरून ठेवलेला असतो, म्हणजे आम्ही नाही हसलो तरी त्यांचं काम अडत नाही. पेडण्याच्या बाजारात मासळी घेताना पाच मिनिटं उभं राहिलं तर यापेक्षा चांगलं ऐकायला मिळतं, तेही फुकट शिव्यांसकट.

मग तुम्ही बघता कशाला, असं कोणीही विचारील. खरं उत्तर असं की मी टीव्ही बघत नव्हतो, मी माझ्या बायकोला ऐकत होतो. ती शेजारच्या केरी गावची. टीव्ही पुढच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं. मान वळवून ती एवढंसं बघणार आणि तिथून असं काही फेकणार की मालिका जागच्या जागी गार. एकदा नायिकेची स्मृती गेली. डॉक्टर गंभीर, घर गंभीर, मीसुद्धा जरा गंभीर. आतून आवाज आला, “याद गेली म्हणतत, पण लिपस्टिक खंय लावची ती बरी याद रवली.” दुसऱ्या मालिकेतली सासू दिवाणखान्यात एकटीच उभी राहून आपलं कारस्थान मोठ्याने सांगत होती. बायको कढईतला कालथा तसाच टाकून दारात आली आणि तिला ओरडून म्हणाली, “अगो, मनात बोल गो! सून भायर उबी आसा!”

आमच्या घरातला खरा कार्यक्रम तो होता. बाकीचं सगळं त्याच्या मागचं पडद्याचं कापड.

एका मालिकेचं युनिट केरीला माझ्या सासुरवाडीच्या अंगणात आलं होतं. गोव्यातलं घर हवं म्हणून आले आणि येताना प्लायवूडचं तुळशीवृंदावन घेऊन आले. आमचं खरं वृंदावन तिथेच होतं, पण ते त्यांना पुरेसं गोव्यासारखं दिसेना. त्यातला टोपी घातलेला एक पोरगा माझ्या बायकोला म्हणाला, “मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.” तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, “फ्रेम तुझी, आंगण माझां. तूच वायच सरक.” तो सरकला. वायच म्हणजे जरासं, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

आमच्याकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. त्या तीच बघते, म्हणजे बघायची. रशियन असो, इस्रायली असो, ती सगळ्यांशी आपल्या बोलीतच बोलायची. मी इंग्रजीत समजवायला जायचो आणि पाहुणा आणखी गोंधळायचा. ती हाताला धरून नेणार, बोट दाखवणार, “ह्या बघ, हो खटको दाब, मगे वायच रव, मगे न्हा,” की गीझरचं शिक्षण पुरं. एक रशियन बाई अख्खा सीझन राहिली. जाताना माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली आणि तिने स्वतः बनवलेली मण्यांची माळ देऊन गेली. दोघी एकमेकींशी तासन् तास बोलायच्या. कुठल्या भाषेत, ते देव जाणे.

आता आमच्या मुलीकडे येतो.

आमची एकुलती एक मुलगी मुंबईला असते. इंजिनीयर झाली, नोकरी धरली, नोकरी सोडली आणि उभं राहून विनोद सांगायला लागली. याला स्टँड-अप म्हणतात. तिच्यामुळे आमच्या टीव्हीवर असले कार्यक्रम दाखवणारं अ‍ॅप आलं आणि मला कॉमेडी स्पेशल नावाचा प्रकार बघावा लागला. एक उंच स्टूल, त्यावर पाण्याची बाटली, मागे विटांची भिंत. ज्याच्या घरी विटांना गिलावा केलेला नसतो त्याला आपण गरीब म्हणतो, इथे मुद्दाम तशी ठेवतात. एक पोरगा येतो आणि सांगतो की त्याचं ब्रेकअप झालं, त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत, तो डॉक्टरकडे जाऊन मनातलं बोलतो. लोक हसतात. मला कळत नाही, यात हसायचं काय? वडील बोलत नाहीत कारण त्यांनी हे ऐकलं असणार. आणि प्रत्येक स्पेशलमध्ये गोवा. मित्रांचा गोव्याचा बेत ठरतो आणि फिसकटतो, यावर मी इतक्या जणांचे विनोद ऐकले आहेत की एकदाचे सगळे मोपाच्या विमानतळावर उतरा आणि जाऊन समुद्रात बसा, असं सांगावंसं वाटतं.

मुलीचं स्पेशल अ‍ॅपवर आलं त्या दुपारी आमच्याकडे शेजारपाजार गोळा झाला. बायकोने पातोळ्या केल्या होत्या. मुलगी पडद्यावर आली तेव्हा ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली, लहान पोरं बसतात तशी. मुलगी बोलायला लागली, आणि खरं ते सांगतो, बाकीच्यांपेक्षा चांगली होती. कुठे थांबायचं ते तिला कळतं. तोंड कसं ठेवायचं ते कळतं. हे तिने कुठून उचललं तेही मला लगेच कळलं, कारण स्वयंपाकघराच्या दारातला तो आवाज मी जन्मभर ऐकतो आहे.

मग ती म्हणाली, “माझी आई.” आणि पदर खोचल्यासारखं करून, कमरेवर हात ठेवून, आवाज चढवून तिने आईची नक्कल केली. गीझर, रशियन बाई, हो खटको दाब, मगे वायच रव. तिच्या गोष्टीत रशियन बाईला वाटतं ही आपल्याला शाप देते आहे, आणि ती तशीच टॉवेल गुंडाळून समुद्राकडे पळत सुटते. मुंबईचं सभागृह फुटलं. ‘वायच’ म्हटलं की हसत होते, ‘मगे’ म्हटलं की हसत होते. मी त्यात विनोद शोधत बसलो. बाईने गीझर कसा लावायचा ते सांगितलं, हा विनोद? ती अशी बोलते, एवढाच विनोद होता. आणि शेवट तर धडधडीत खोटा. ती बाई पळाली नाही, ती राहिली. पण राहिली यावर कोण हसणार!

शेजारी हसले. टीव्हीकडे बघून नाही, माझ्या बायकोकडे बघून. तीही हसली, सगळ्यांच्या आधी हसली. मग चहा बघते म्हणून उठली आणि चहा मला आणावा लागला.

तो गीझरचा तुकडा फोनवर फिरायला लागला. गावातली पोरं तिला रस्त्यात बघून ‘मगे वायच रव’ म्हणायची. वाईट हेतूने नाही, कौतुकानेच म्हणायची, पण कौतुकाने मारलेला दगडसुद्धा लागतोच. एकदा आमच्याच खोलीत उतरलेला एक जोडा तिच्यापुढे फोन धरून उभा राहिला. “आंटी, वो गीझरवाला बोलो ना, प्लीज.” ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता बघा, आता तुमची काही खैर नाही. ती म्हणाली, “मी तशी बोलत नाही.” आणि आत निघून गेली.

त्यानंतर पाहुण्यांशी बोलायला ती मला पुढे करायला लागली. पोदेर पाव घेऊन आला तरी नुसते बोटांनी पाव दाखवायची. फोन वाजला की माझ्या हातात द्यायची. मी टीव्ही लावून बसायचो, मधलं दार उघडं ठेवायचो, मुद्दाम सगळ्यात वाह्यात मालिका लावायचो. एकीत तर नायक मेला, जळला, त्याची राख समुद्रात सोडली आणि दोन आठवड्यांनी तो नव्या मिशा लावून परत आला. मी स्वयंपाकघराकडे कान लावला. आतून फक्त भांड्यांचा आवाज.

मला माझ्या बायकोची जीभ परत हवी होती. दुसरं काही नको होतं. मी मुलीला फोन लावला.

“बाबा, अरे लोकांना आई आवडते,” ती म्हणाली. “मला मेसेज येतात. सगळे म्हणतात, हिच्या आईला भेटायचंय.”

“माकडवाल्याच्या माकडालापण भेटायचं असतं लोकांना.”

“मी प्रेमाने केलं ते. तुला विनोदच कळत नाही.”

मला विनोद कळत नाही! दशावतार जिथे उभा राहतो त्या मांडाला लागून ज्याचं घर, त्याला ही मुंबईची पोरगी विनोद शिकवणार. मी तिला संकासुराची आठवण करून दिली. आमच्या जत्रेत दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, होतो, त्यात सुरुवातीला संकासूर येतो. काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, त्यातून बाहेर लोंबणारी लांब लाल जीभ. त्याला कोणाचीही टर उडवायची मोकळीक असते. सरपंचाची उडवतो, भटजीची उडवतो, पुढे बसलेल्या म्हातारीची उडवतो. पण तो समोर बसलेल्याचीच उडवतो, आणि ज्याची उडवली त्याला उत्तर द्यायचा हक्क असतो. उत्तर येईपर्यंत तो थांबतो. जो जत्रेला आलेला नाही त्याचं नाव तो काढत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलंही मी बघितलेलं नाही.

आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा त्याने माझ्या बायकोला धरलं होतं. मी तेव्हा खाणीवरून मोटारसायकलने यायचो तो डोक्यापासून पायापर्यंत लाल मातीने माखलेला. संकासूर बायकांच्या घोळक्याकडे वळून म्हणाला, “गे नव्या व्हकले, खाणीवरसून सगळेच तांबडे होवन येतत. तू आपलो घोव वळखतंस कसो?” ही उभी राहिली. वीस-एकवीस वर्षांची पोर, सासरच्या गावातली पहिली जत्रा. म्हणाली, “जिबेवरसून! तुझी भायर लोंबता, तेची भितर रवता.” मांड हलला. संकासुराने तिला वाकून नमस्कार घातला आणि त्यानंतर कित्येक वर्षं मला गावात जीभ आत ठेवणारा म्हणून ओळखत होते.

“तू तिची टर उडवलीस ती ती समोर नसताना,” मी मुलीला म्हटलं. “तिने उत्तर कुठून द्यायचं? गॅसपाशी उभी राहून?”

तिने हे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, पुढच्या महिन्यात माझा पणजीला शो आहे. आईला घेऊन ये. पुढे बसव. मी तिला माइक देईन. तिने माझी काय वाट लावायची ती लावू दे.”

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी एवढा खूश झालो की त्या दिवशी बातम्यांवर भांडणाऱ्यांनाही शिव्या दिल्या नाहीत. बायकोला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “येतंय.”

तेव्हापासून ती टीव्ही बघायला लागली. स्वयंपाकघरातून नाही, माझ्या शेजारी सोफ्यावर बसून. मालिका बघायची, गाण्यांच्या स्पर्धा बघायची, आणि एक शब्द बोलायची नाही. मी मुद्दाम काड्या टाकून बघितल्या. “हिची नथ बघ गो, सूप लटकवल्यासारखी.” ती मला हाताने गप्प करायची. तिचे ओठ हलताना मला दिसायचे. मला वाटलं, चला, ही तयारी करते आहे, हत्यारं परजते आहे. मी मनातल्या मनात तिच्यासाठी उत्तरंही जुळवायला लागलो. मुलीचं लहानपणी अंथरूण ओलं करणं होतं, पहिल्यांदा मुंबईला जाताना पेडणे स्टेशनवर भोकाड पसरणं होतं. दारूगोळा भरपूर होता.

पणजीचं सभागृह भरलेलं होतं. आमच्या आजूबाजूला सगळी पंचविशी-तिशीतली माणसं, फाटक्या जीन्स, हातात थंड कॉफी. बायको लग्नाकार्याला नेसते ती साडी नेसून आली होती. मुलीआधी दोन पोरगे येऊन गेले. एकाने विमानातल्या मधल्या सीटवर विनोद केला, दुसऱ्याने स्वतःच्या टकलावर. पहिला कंटाळवाणा आणि दुसरा केविलवाणा. लोक मात्र टाळ्यांवर टाळ्या देत होते.

मग मुलगी आली. तिने गीझर केला. इथे मुंबईपेक्षा जास्त हशा झाला, कारण इथल्या निम्म्या लोकांच्या घरी तशा आया आहेत आणि आपली आई तशी नाही हे दाखवायची त्यांना घाई होती. मग तिने हात वर करून हशा थांबवला. “आणि ती आज इथे आहे,” ती म्हणाली. आमच्यावर दिवा पडला. माझे डोळे दिपले. मुलगी पायऱ्या उतरून खाली आली आणि आईच्या हातात माइक देऊन म्हणाली, “आई, मी इतकी वर्षं तुझी नक्कल करतंय. आता तू बोल. सांग ह्येंका, गीझर कसो लावतत.”

बायको उठली. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. मी हसायला तोंड उघडूनच ठेवलं होतं.

“नमस्कार,” ती म्हणाली. “गीझरचं बटण दाबावं, थोडा वेळ थांबावं आणि मग आंघोळ करावी. माझी मुलगी खूप मेहनती आहे. मला तिचा अभिमान आहे. तिच्यावर असंच प्रेम असू द्या. धन्यवाद.”

सुरुवातीला त्यांना वाटलं हीसुद्धा गंमत आहे, ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काही पोरी ‘ऑऽऽ’ करून गालावर हात घेऊन बसल्या. कोणीतरी उभंही राहिलं. माझ्या बायकोने सगळ्या दिशांना हात जोडले. इतके दिवस सोफ्यावर बसून ती काय शिकत होती ते मला तेव्हा कळलं. ज्या बाईपुढे संकासूर वाकला, ती त्या पोरांपुढे हात जोडून उभी होती. मला त्या सभागृहातल्या प्रत्येकाचा राग आला. त्या टीव्हीचा आला. स्टेजवरच्या स्टुलाचासुद्धा आला.

मुलगी माइक परत घ्यायला विसरली. आईनेच तो तिच्या हातात दिला. मग वर गेली आणि पुढचं कसंबसं उरकलं. थांबायचं कुठे, ते तिचं सगळं चुकत होतं.

परतताना गाडी तीच चालवत होती. आई तिच्या शेजारी, मी मागे. म्हापसा मागे पडलं. शिवोलीच्या पुलावर गाडी आल्यावर मुलगी म्हणाली, “आई, माका भूक लागली गो.”

ती बोली तिने माइकशिवाय वापरलेली मी कित्येक वर्षांनी ऐकली. त्यात नक्कल नव्हती. दहावीपर्यंत ती घरी तशीच बोलायची.

“घरी गेल्यावर लगेच वाढते हं, बाळा,” बायको म्हणाली. “तू थकली असशील.”

“आई, पेज करशीत? खाराची कैरी आसा मगे घरात?”

“हो, आहे ना. करून देते.”

मुलीने गाडीचा वेग कमी केला. मागून कोणीतरी हॉर्न दिला आणि पुढे निघून गेला. “आई,” ती म्हणाली, “असां नको बोलू गो. हयसर कोण नाय. मी आसंय आणि बाबा आसा. आपलां बोल.”

बायको खिडकीबाहेर बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, असता तर मला बरं वाटलं असतं. तिने मुलीच्या गुडघ्यावर थोपटलं आणि अगदी हळू, एकेक शब्द सांभाळून म्हणाली, “हे ऐकून कोणी हसलं नाही ना, बाळा? मग आता मी असंच बोलेन.”